दोन मार्कांनी मागे

संयोगिता शाळेत आली ती मधल्या सुट्टीत, मुलं व्हरांड्यात खिचडीला बसली होती तेव्हा. डोक्यावरचा पदर सारखा करत ती वर्गाच्या दारातच थांबली. हरणाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, तरी बसली नाही.

"बाई, एक सांगायचं हुतं. आमच्या राजीला वर्गात हुशार म्हणत जाऊ नका."

"का गं?"

"न्हाई म्हंजे... नका म्हणू. एवढं ऐका माझं."

हरणाबाईंना हसू आलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सगळ्या तऱ्हेच्या आया पाहिल्या होत्या. मारा पण शिकवा म्हणणाऱ्या, पोराच्या पाठीवर हात ठेवला तरी भांडायला येणाऱ्या, आणि लेकराला कुणी चांगलं म्हटलं की मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या. ही त्या शेवटच्या जातीतली, असं त्यांनी मनाशी धरलं. "बरं, नाही म्हणत," असं म्हणाल्या आणि विसरूनही गेल्या. संयोगिता बोलताना त्यांच्याकडे बघत नव्हती, शाळेच्या फाटकाकडे बघत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं ते पुष्कळ उशिरा.

चिंचदरा हे कोरेगाव तालुक्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. घरटी एक माणूस फौजेत, असा गावाचा लौकिक. शाळा दोन शिक्षकी. पाचवीचा वर्ग हरणाबाईंकडे, आणि येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. कोरेगावात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी एसटीनं विट्याकडच्या आपल्या घरी जायच्या.

संयोगिताची राजनंदिनी, म्हणजेच राजी, आणि शिवतेज ही जुळी भावंडं त्यांच्या वर्गात होती. बाप धनाजी, तीन वर्षांपूर्वी सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेला. माणूस सरळ पाठीचा, बोलायला अदबीचा. शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. आल्या आल्या त्यानं स्वतःच्या खर्चानं शाळेला रंग दिला होता, पोरांना पंधरा ऑगस्टचं संचलन शिकवलं होतं. गावात कुणी त्याला नावानं हाक मारत नसे, सुभेदारच म्हणत.

दिवाळीनंतर हरणाबाई चाचण्यांच्या वह्या तपासत होत्या. पन्नासपैकी शिवतेजला चौतीस, राजनंदिनीला बत्तीस. सहज त्यांनी मागची पानं चाळली. एकोणतीस आणि सत्तावीस. अडतीस आणि छत्तीस. भाषेतही तेच, परिसर अभ्यासातही तेच. सगळीकडे पोरगी पोराच्या दोन मार्कांनी मागे.

"नक्कल करत असेल," हे पहिल्यांदा मनात आलं. दोघं एकाच बाकावर बसायची. पण नक्कल करणाऱ्याची चूकही सारखी असते. इथं पोरीची चूक वेगळीच. अपूर्णांकाचं अवघड उदाहरण बरोबर, आणि सातचा पाढा चुकलेला. ज्या पोरीला सतराचा पाढा उलटा येतो, ती सात आठे चौपन्न लिहिते? बाईंनी पान खिडकीपाशी उजेडात धरलं. चौपन्नच्या खाली, खोडरबरानं नीट पुसलेला, छप्पन्नचा ठसा होता. पुढच्या उदाहरणाखालीही तसाच. आधी बरोबर लिहायचं, मग पुसायचं, मग चूक लिहायची. असे त्यांना एका वहीत अकरा ठसे सापडले.

बाईंना आपलं लहानपण आठवलं. त्यांच्या बापाची मेंढरं होती. संध्याकाळी वाड्यात मेंढरं कोंडताना बाप मोजायचा, आणि लहानग्या हरणाला आकडा त्याच्या आधी कळायचा. पण ती गप्प राहायची. बापानं एकशे बारा म्हटलं की मग एकशे बारा म्हणायची. बाप चुकला तर तीही चुकायची, आणि गुपचूप जाऊन राहिलेलं कोकरू हुडकून आणायची. असं करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यांना वाटलं, आपल्याला कळलं. पोरगी भावाचा मान राखते आहे. ही सवय मोडली पाहिजे.

सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. सुभेदारानं शिवतेजचा फॉर्म कधीच भरला होता. आता तिथं मुलींनाही घेतात, हे बाईंनी त्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "भरा की तिचाबी. शिवाला सोबत हुईल." म्हणून बाई दोघांची तयारी करून घेत होत्या.

पुढच्या सराव चाचणीला त्यांनी शिवतेजला अंगणवाडीच्या खोलीत बसवलं आणि राजनंदिनीला वर्गात. पोरगी सारखी दाराकडे बघत होती. पेन्सिल दातात धरून तिनं काहीतरी हिशेब मांडला आणि मग खाली मान घालून लिहायला लागली.

निकाल पाहून बाईंचा आनंद गगनात मावेना. राजनंदिनी त्रेचाळीस. शिवतेज एकतीस. त्यांनी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचे मार्क टाकले आणि राजनंदिनीच्या नावापुढे तीन फुलं टाकली.

दुसऱ्या दिवशी शिवतेज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. "ताप हाय," राजनंदिनी म्हणाली, बाईंकडे न बघता. तिसऱ्या दिवशी तो आला तो पाय ओढत. दप्तर पाठीला न लावता हातात धरलेलं. बसताना बाकाला पाठ टेकवेना. बाईंनी त्याला कार्यालयात नेऊन शर्ट वर करायला लावला. दोन्ही खांद्यांवरची कातडी पट्ट्याच्या रुंदीइतकी सोललेली होती आणि त्यावर हळद माखलेली होती.

"कुणी मारलं रं?"

"न्हाई बाई, मारलं न्हाई. पिट्टू झाला."

"पिट्टू म्हणजे?"

पोरानं शहाण्यासारखं समजावून सांगितलं. पिट्टू म्हणजे फौजेतली पाठीवरची पिशवी. फौजेत शिक्षा म्हणून ती भरून पळायला लावतात. पप्पांनी तसली पिशवी आणली आहे. तिच्यात वाळू भरायची, आणि माळावरच्या खंडोबापर्यंत पळत जायचं आणि यायचं. जेवढ्या मार्कांनी मागे, तेवढे फेरे.

"म्हणजे बारा फेरे?"

"एका दिवशी न्हाई हुत. दोन दिवसांत केलं." मग त्यात थोडा अभिमानही आला. "मी पळतो चांगला बाई. बसलो न्हाई कुठं."

"आणि राजी मागे राहिली तर तिलाही पिट्टू?"

"न्हाई. पोरींना नसतो. पोरगी पुढं गेली तर मला असतो."

 हरणाबाईंनी त्याच्या पाठीवर शर्ट खाली ओढला आणि नुसतीच बटणं लावत बसल्या, जी आधीच लावलेली होती.

राजनंदिनी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. पुढच्या चाचणीला बाईंनी दोघांना एकाच खोलीत पण लांब लांब बसवलं, तेव्हा तिनं कोरा कागद दिला. नाव, हजेरी क्रमांक आणि खाली काहीच नाही. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"कोरा का दिलास?"

"शिवाचं दिसत नव्हतं."

"मागच्या वेळीही दिसत नव्हतं की."

"मागच्या वेळी मी अंदाज केला हुता." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज रागाचाच होता. "आठवडाभर त्याला मीच शिकवलं हुतं. घरी त्याला पंचेचाळीस पडले हुते. म्हणून मी त्रेचाळीसचं लिहिलं. तुमी त्याला तिकडं एकट्याला बसवलं. तो एकटा बसला की त्याला पप्पांचा आवाज येतो आन मग त्याला काय बी सुचत न्हाई. तुमी का बसवलं त्याला तिकडं?"

बाईंना आत्ता सगळं उमगलं. दहा-अकरा वर्षांचं पोर, रोज प्रत्येक पेपरात दोन माणसांचे मार्क बसवत होतं. स्वतःचे कमी करत होतं आणि भावाचे वाढवत होतं. आणि आपण त्या सगळ्याच्या मधोमध पाय टाकला, वर तीन फुलंही टाकली.

"तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"हळद तीच लावती," राजनंदिनी म्हणाली.

हरणाबाई त्याच आठवड्यात सुभेदाराच्या घरी गेल्या. तक्रार वर कळवावी हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण तक्रार गेली की परीक्षेला दोन्ही पोरं घरीच राहतील, ही भीती होती. आणखी एक भीती होती, ती बाई स्वतःशीही मोठ्यानं बोलत नव्हत्या. अध्यक्षाशी वाकडं, आणि पेन्शनीचे कागद अजून निघायचे होते. आधी गोडीनं बघू, असं त्यांनी ठरवलं.

घर नेटकं. ओसरीवर पलटणीचे फोटो, ओळीनं, एकही तिरका नाही. अंगणाच्या कोपऱ्यात खुंटीला हिरवी पिशवी टांगलेली.

"या बाई, या. संयोगिता, चहा टाक गं बाईंना."

बाईंनी चहा होईपर्यंत वाट पाहिली आणि मग जे बोलायचं ते बोलल्या. सुभेदारानं मधे तोडलं नाही. कप खाली ठेवून शांतपणे म्हणाला,

"आवं बाई, पिट्टू म्हंजे मारणं न्हवं. मी पोरावर आजपातुर हात उचलला न्हाई, विचारा हिला. ह्यो डिसिप्लिन हाय. आमी सगळ्यांनी केलाय."

"तुम्ही अठरा-वीस वर्षांचे होता तेव्हा."

"म्हणून तर. वीस वर्षांचा असताना जड जातं. आत्तापासनं सवय लागली की सोपं."

"पण त्या भीतीनंच त्याचे मार्क जातात, सुभेदार. पोराला काही कमी नाही. आणि पोरगी तर..."

"पोरगी तर काय?"

ओसरीच्या दारात संयोगिता उभी होती. तिनं फक्त मान हलवली, नको म्हणून. बाईंनी शब्द गिळला. पण सुभेदाराला तो ऐकू आल्यासारखाच झाला.

"बाई, माझ्या हाताखाली साठ जवान हुते. त्यातला एक मागं पडला तर आख्खी तुकडी मरती. मी बारावी नापास. माझ्यापेक्षा धा-बारा वर्षांनी ल्हान पोरं ऑफिसर हून यायची आन मी त्यांना सल्यूट मारायचो. माझा पोरगा ऑफिसर हुणार. त्याच्या बहिणीच्या मागं राहणारा ऑफिसर मी अजून बघितला न्हाई." तो हसला. हसणं चांगलं होतं, त्यात खोट नव्हती, म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. "पण तुमी गुरुजन. तुमचा शब्द खाली पडू देणार न्हाई. परीक्षा हुस्तोवर पिट्टू बंद. निकाल लागल्यावर बघू."

"निकाल लागल्यावर काय बघू?"

"निकाल," सुभेदार म्हणाला. "चहा घ्या, गार हुतोय."

परीक्षेला तीन आठवडे होते. पिट्टू खरोखर बंद झाला. शिवतेजच्या खांद्यांवर नवी कातडी आली. बाई त्याला एकट्याला कधी बसवत नव्हत्या. शेजारी बसून उदाहरण वाचून दाखवायच्या आणि मग उगाच खडू शोधायला उठायच्या, तेवढ्या वेळात पोरगा ते सोडवून मोकळा व्हायचा. एकदा त्यांनी त्याला म्हटलं, "बघ, येतंय की तुला!"

"मला येतं बाई," तो म्हणाला. "मार्क पडत न्हाईत फक्त." थोडं थांबून म्हणाला, "राजीला माझ्यापेक्षा लय येतं. मला म्हाईत हाय. मी तिला लिहू नको म्हणत न्हाई हां. तीच लिहीत न्हाई."

राजनंदिनीला मात्र बाई आपल्याला सगळं लिहायला सांगणार, हे आधीच कळलं होतं. परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी ती आपणहून थांबली.

"तिथं पोरींची खोली वेगळी असणार?"

"हो. मजलासुद्धा वेगळा."

"मग शिवाचं मला कसं दिसणार?"

"दिसायला नकोच आहे. तू सगळं लिही, राजी. पुसायचं नाही काही. तुला येतं तेवढं सगळं." बाईंनी तिचा हात धरला. "तू तिथं गेलीस की शिकशील. मोठी होशील. आज तू त्याच्या मागे राहून त्याला वाचवतेस, पण आणखी किती वर्षं? दहावीपर्यंत? लग्न होईपर्यंत?"

पोरीनं हात सोडवून घेतला.

"शिवाचं मी बघते."

"तुमी मेमध्ये जाणार."

"गेले तरी बघते."

राजनंदिनीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बाजारात दुकानदाराच्या तराजूकडे बघतात. मग मान हलवली आणि गेली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे बाईंना शनिवारभर आठवून आठवून ठरवता आलं नाही. त्या शनिवारी त्या विट्याला गेल्या नाहीत.

रविवारी साताऱ्यात केंद्राबाहेर नुसती जत्रा होती. पाण्याच्या बाटल्या, डबे, शेवटच्या घटकेला सामान्यज्ञान विचारणारे बाप. सुभेदारानं शिवतेजची कॉलर नीट केली आणि म्हणाला, "सव्वाशे प्रश्न. नव्वदच्या खाली यायचं न्हाई. काय?" "नव्वद," पोरगा म्हणाला. राजनंदिनीला त्यानं काही सांगितलं नाही. दोघं दोन जिन्यांनी वर गेली.

अडीच तास हरणाबाई समोरच्या वडाच्या पारावर बसून राहिल्या. सुभेदारानं त्यांना उसाचा रस आणून दिला. तो त्यांना जाईना.

पोरं सुटली तेव्हा शिवतेज आधी आला. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. मागून राजनंदिनी आली. बोटांना शाईचे डाग होते.

"किती सोडवलं?" सुभेदारानं विचारलं.

"नव्वद," शिवतेज म्हणाला. विचार न करता, पाढा म्हणावा तसं.

"शाब्बास रं वाघा! आन तू गं?"

राजनंदिनीनं भावाकडे पाहिलं. "पंच्याऐंशी."

"बघा बाई, पाचानं मागं," सुभेदार खूश होऊन म्हणाला. "पोरगी ती पोरगीच. थांबा, गाडी आणतो."

तो गर्दीत दिसेनासा झाला तशी राजनंदिनीनं बाईंचा पदर ओढला. त्या खाली वाकल्या.

"सगळे सोडवले बाई. एकशे पंचवीस. काय बी पुसलं न्हाई."

दिवाळीपासून हरणाबाई हेच ऐकायला कान टवकारून होत्या. आणि आता ऐकलं, तर आधी शिवाचा पांढराफटक चेहराच डोळ्यांपुढे आला.

"आणि शिवानं?"

"त्याला विचारू नका. नव्वद सांगायचं ते घरनंच ठरलं हुतं." पोरीनं पदर सोडला नव्हता. "पस्तीस-चाळीस आठवतात म्हणतो. मग पप्पांचा आवाज यायला लागला." ती थोडी थांबली. "तुमी म्हणाला हुता शिवाचं बघते. आता बघा."

गाडी आली. पोरं मागच्या दारानं चढली. सुभेदारानं काच खाली केली. "चला बाई, येतो आमी. तुमची विट्याची एसटी स्टँडवर लागली असंल."

"विट्याला नाही जात," बाई म्हणाल्या. "मी येते तुमच्याबरोबर." आणि कुणी काही म्हणायच्या आत दार उघडून त्या मागच्या बाकावर दोघांच्या मधे बसल्या.

गाडी साताऱ्याबाहेर पडली. दोन्ही बाजूंना उसाचे फड उभे होते.

"निकाल कवा म्हणायचा बाई?"

"दीडेक महिन्यानं."

"म्हंजे दीड महिना पिट्टूला सुट्टी, काय शिवतेजराव?" सुभेदारानं आरशातून मागे पाहिलं. "नव्वद म्हंजे नव्वद दिसाय पाहिजेत हां. एक कमी झाला तरी मला कळतंय."

शिवतेज बाईंच्या डाव्या दंडाला आणखी चिकटून बसला. त्यांनी घसा साफ केला. आपला आवाज वर्गातल्यासारखा येतो आहे की नाही, हे त्यांना कळेना.

"सुभेदार, गाडी बाजूला घ्या. दोन शब्द बोलायचेत."

"बोला की. गाडी चालू असली म्हणून कान बंद न्हाईत माझे."

"निकाल काहीही लागो. ह्या पोराच्या पाठीवर पुन्हा वाळू दिसली, तर मी लेखी तक्रार देणार. पोलिसांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. खांदे मी डोळ्यांनी पाहिलेत, तेही लिहिणार. मी निवृत्त झाले तरी रोज येऊन बघणार."

 सुभेदाराचे हात चाकावर जसेच्या तसे होते.

"धमकी देताय, बाई?" त्यानं अगदी अदबीनं विचारलं.

"नाही. आधी सांगून ठेवते."

"निकाल काय बी लागो म्हणालात तुमी." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द उचलून बघत. "नव्वद सोडवलेल्याच्या निकालाची काळजी तुमाला का पडावी, बाई?"

 उजवीकडे राजनंदिनीनं आपली शाईची बोटं मुठीत मिटून घेतली. सुभेदारानं आरसा थोडा खाली वळवला, आधी पोरावर, मग पोरीवर, आणि तिथंच ठेवला.

"राजनंदिनी," तो म्हणाला, "तुला किती म्हणालीस?"

चिंचदऱ्याचा फाटा अजून पाच किलोमीटर होता. बाईंनी दोन्ही पोरांचे हात आपल्या मांडीवर ओढून घट्ट धरले.

"तिला नका विचारू," त्या म्हणाल्या. "मला विचारा."

सुभेदारानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.